आर्थर गिनीज

आर्थर गिनीज (जन्म : इ.स. १७२४-२५, सेलब्रिज, काउंटी किल्डेर, आयर्लंड, मृत्यू : २३ जानेवारी १८०३, डब्लिन) हे आयरिश उद्योजक व बिअर-उत्पादक होते. डब्लिन शहरातील सेंट जेम्स गेट येथे १७५९ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ब्रुअरीतून पुढे जगप्रसिद्ध 'गिनीज स्टाउट' ही गडद बिअर उदयास आली. मराठी वाचकांना त्यांचे आडनाव प्रामुख्याने जागतिक विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या गिनीज बुकमुळे परिचित आहे. हा ग्रंथ प्रथम १९५५ मध्ये त्यांच्याच कंपनीने प्रसिद्ध केला.

गडद बिअरचे जनक म्हणून गिनीज यांचा अनेकदा उल्लेख होतो, परंतु तो वस्तुस्थितीला धरून नाही. अशी बिअर त्यांच्या जन्मापूर्वीच लंडनमध्ये तयार होऊ लागली होती. गिनीज यांनी आयुष्याचा बहुतांश काळ 'एल' हा निराळा प्रकार तयार केला. वयाच्या सत्तरीनंतर मात्र त्यांनी ते उत्पादन पूर्णपणे थांबवले आणि मूळ लंडनच्या असलेल्या गडद बिअरवर आपला सर्व व्यवसाय उभा केला. त्यांचे ऐतिहासिक महत्त्व मुख्यतः या निर्णयात आहे.

जन्म आणि बालपण

आर्थर यांच्या वडिलांचे नाव रिचर्ड गिनीज व आईचे नाव एलिझाबेथ रीड असे होते. रिचर्ड हे धर्मगुरू आर्थर प्राइस यांच्या जमीनजुमल्याचे कारभारी होते. प्राइस पुढे कॅशेलचे आर्चबिशप झाले. ते आर्थर यांचे धर्मपिता होते आणि त्यांच्याच नावावरून बालकाचे नाव ठेवण्यात आले. मोठ्या घराच्या कारभारात नोकरचाकरांसाठी बिअर तयार करणे हे त्या काळी नित्याचे काम असल्याने या व्यवसायाशी आर्थर यांचा परिचय लहान वयातच झाला.

१७५२ मध्ये आर्चबिशप प्राइस यांचे निधन झाले. मृत्युपत्रात त्यांनी रिचर्ड व आर्थर या पितापुत्रांना प्रत्येकी १०० पौंड ठेवले होते. सामान्य कुटुंबासाठी ही रक्कम मोठी होती.

लीक्सलिप येथील व्यवसाय

१७५५ मध्ये आर्थर यांनी लिफी नदीकाठच्या लीक्सलिप या गावी एक ब्रुअरी भाडेपट्ट्याने घेतली. येथे त्यांनी सुमारे चार वर्षे एलचे उत्पादन केले. त्यानंतर तेथील कारभार धाकटा भाऊ रिचर्ड याच्याकडे सोपवून ते डब्लिनला गेले.

सेंट जेम्स गेट आणि ९,००० वर्षांचा भाडेपट्टा

डब्लिनच्या पश्चिम वेशीजवळ रेन्सफर्ड कुटुंबाची एक ब्रुअरी बंद अवस्थेत पडून होती. ३१ डिसेंबर १७५९ रोजी गिनीज यांनी सुमारे चार एकरांची ही जागा ९,००० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. वार्षिक भाडे ४५ पौंड ठरले आणि १०० पौंड आगाऊ देण्यात आले. जागेत धान्य दळण्याची गिरणी, माल्ट तयार करण्याच्या दोन इमारती आणि घोड्यांचे तबेले होते.

जुनी व बंद पडलेली ब्रुअरी चालवणे जोखमीचे होते. लंडनहून येणाऱ्या बिअरची स्पर्धा तीव्र होती आणि तत्कालीन करव्यवस्था आयात मालाला अनुकूल होती. तरीही गिनीज यांचा जम बसला. १७६७ मध्ये ते डब्लिनच्या ब्रुअर-संघाचे प्रमुख झाले. १७६९ मध्ये त्यांच्या बिअरची साडेसहा पिंपे प्रथमच इंग्लंडला रवाना झाली. ही निर्यात एलची होती.

पाण्याचा तंटा

बिअरमध्ये सर्वाधिक वाटा पाण्याचा असतो. भाडेपट्ट्यानुसार आपणास पाणी विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे, असा गिनीज यांचा दावा होता. याउलट, ते ठरलेल्यापेक्षा अधिक पाणी घेतात, असा डब्लिन नगरपालिकेचा आक्षेप होता. १७७५ मध्ये नगरपालिकेची माणसे पाण्याचा पाट बुजवण्यासाठी आली, तेव्हा गिनीज यांनी त्यांच्याकडील कुदळ हिसकावून घेऊन काम थांबवले. पाणी बंद होणे म्हणजे कारखाना बंद होणे, हे त्यांना ठाऊक होते. वाद पुढे अनेक वर्षे चालला. अखेर १७८४ मध्ये तडजोड होऊन पाण्यासाठी वर्षाला १० पौंड देण्याचे गिनीज यांनी मान्य केले.

विवाह व कुटुंब

१७६१ मध्ये गिनीज यांचा विवाह ऑलिव्हिया व्हिटमोर यांच्याशी झाला. या विवाहामुळे त्यांचा डब्लिनमधील प्रतिष्ठित कुटुंबांशी संबंध जुळला. आयरिश संसदेतील प्रसिद्ध नेते हेन्री ग्रॅटन हे ऑलिव्हिया यांचे नातेवाईक होते. या दांपत्याला २१ अपत्ये झाली. त्यांपैकी केवळ १० प्रौढ वयापर्यंत जगली. थोरला मुलगा होझिया धर्मगुरू झाला, तर दुसरे आर्थर हे वडिलांचे व्यवसायातील मुख्य वारसदार ठरले.

पोर्टर : पार्श्वभूमी

सातूला मोड आणून तो वाळवला व भाजला की माल्ट तयार होतो. माल्ट गरम पाण्यात भिजवून मिळणाऱ्या गोड रसात हॉप या वेलीची कडवट फुले उकळतात आणि नंतर यीस्टच्या साहाय्याने त्याचे किण्वन करतात. माल्ट जितका अधिक भाजलेला, तितका बिअरचा रंग गडद होतो.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी लंडनमध्ये तपकिरी माल्टपासून एक गडद व कडवट बिअर तयार होऊ लागली. बाजारपेठेत आणि नदीच्या धक्क्यांवर ओझी वाहणाऱ्या हमालांमध्ये ती लोकप्रिय झाली. इंग्रजीतील हमाल या अर्थाच्या शब्दावरून तिला 'पोर्टर' हे नाव मिळाले. राल्फ हारवूड या एकाच व्यक्तीने तिचा शोध लावला, ही प्रचलित कथा इतिहासकार ग्राह्य धरत नाहीत. ही बिअर मोठमोठ्या लाकडी पिंपांत काही महिने मुरवली जात असे व दीर्घकाळ टिकत असे. त्यामुळे प्रचंड प्रमाणात उत्पादन करणे आणि माल दूरवर पाठवणे लंडनच्या उत्पादकांना शक्य झाले. डब्लिनमध्येही आयात पोर्टरचा खप वाढला आणि स्थानिक ब्रुअरी एकामागून एक संकटात सापडल्या.

पोर्टरचा स्वीकार

या परिस्थितीत गिनीज यांच्यापुढे आयातीविरुद्ध तक्रार करत एलला चिकटून राहणे किंवा प्रतिस्पर्ध्याचाच माल स्वतः बनवणे असे दोन मार्ग होते. त्यांनी दोन्ही आघाड्यांवर काम केले. एकीकडे आयरिश बिअरवरील अबकारी कर रद्द व्हावा यासाठी ते व इतर उत्पादक प्रयत्न करत राहिले. संसदेत ग्रॅटन यांनी ही बाजू मांडली. व्हिस्कीसारख्या कडक मद्यापेक्षा बिअर कमी घातक असून करांची रचना त्यानुसार असावी, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. १७९५ मध्ये हा कर रद्द झाला.

दुसरीकडे, १७७८ च्या सुमारास सेंट जेम्स गेट येथे पोर्टरचे उत्पादन सुरू झाले. सुमारे वीस वर्षे एल आणि पोर्टर शेजारी शेजारी तयार होत होत्या. २२ एप्रिल १७९९ रोजी एलचा शेवटचा घाणा निघाला. त्यानंतर या ब्रुअरीत केवळ पोर्टर बनू लागली. ज्या मालावर चार दशके उपजीविका केली, तो सोडून देण्याचा हा निर्णय झाला तेव्हा गिनीज सुमारे ७४ वर्षांचे होते.

१८०१ मध्ये 'वेस्ट इंडिया पोर्टर' या अधिक कडक प्रकाराची कृती नोंदवली गेली. कॅरिबियन बेटांपर्यंतच्या लांब सागरी प्रवासात बिअर नासू नये म्हणून तिच्यात हॉप आणि अल्कोहोल यांचे प्रमाण वाढवण्यात आले होते. आजची 'फॉरिन एक्स्ट्रा स्टाउट' ही तिचीच वंशज मानली जाते.

सामाजिक व राजकीय विचार

गिनीज हे श्रद्धाळू प्रोटेस्टंट होते. १७८६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने डब्लिनमध्ये रविवारची शाळा सुरू झाली. आठवडाभर कामात गुंतलेल्या गरीब मुलांना अशा शाळांतून धर्मशिक्षणाबरोबर लेखन-वाचनही शिकवले जात असे. डब्लिनमधील मीथ रुग्णालयाच्या व्यवस्थापनातही त्यांचा सहभाग होता.

बहुसंख्य कॅथलिक आयरिश जनतेला नागरी हक्क मिळावेत, या मागणीला त्यांचा पाठिंबा होता. तथापि, १७९८ च्या ब्रिटिशविरोधी सशस्त्र उठावाला त्यांनी विरोध केला. या दोन भूमिकांमुळे त्यांच्याविषयी आयर्लंडमध्ये पुढे परस्परविरोधी मते व्यक्त झाली.

मृत्यू

२३ जानेवारी १८०३ रोजी गिनीज यांचे निधन झाले. किल्डेर परगण्यातील ऊटरार्ड येथे आईच्या माहेरच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. थडग्यावर मृत्यूसमयीचे वय ७८ वर्षे कोरलेले असून जन्मवर्ष त्यावरूनच ठरवले जाते. त्यांनी सुमारे २३ हजार पौंडांची मालमत्ता मागे ठेवली. त्या वेळी ब्रुअरीचे वार्षिक उत्पादन २० हजार पिंपांहून अधिक होते.

वारसा

'स्टाउट' या इंग्रजी शब्दाचा बिअरच्या संदर्भातील मूळ अर्थ कडक किंवा दमदार असा होता. कडक पोर्टरला 'स्टाउट पोर्टर' म्हणत, पुढे केवळ 'स्टाउट' हेच नाव उरले. आज ओळखली जाणारी जवळजवळ काळी स्टाउट मात्र आर्थर गिनीज यांनी कधी पाहिली नाही. त्यांची पोर्टर गडद तपकिरी होती. १८१७ मध्ये डॅनिएल व्हीलर यांनी फिरत्या पिंपात माल्ट काळा होईपर्यंत भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यानंतरच फिकट माल्टमध्ये थोडा काळा माल्ट मिसळून ही छटा आणणे शक्य झाले. ग्लासातील मलईसारखा फेस तर १९५९ मधील आहे. गणिताचे पदवीधर असलेल्या मायकेल अ‍ॅश यांनी नायट्रोजन वायू वापरण्याची पद्धत विकसित केल्यामुळे तो आला.

नातू बेंजामिन ली गिनीज यांनी डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलचा जीर्णोद्धार केला. पणतू एडवर्ड सेसिल यांच्या काळात, १८८६ मध्ये, कंपनीचे समभाग लंडनच्या शेअर बाजारात आले. १८६२ पासून आयरिश वीणा हे तिचे बोधचिन्ह आहे.

विसाव्या शतकात आफ्रिका ही या बिअरची मोठी बाजारपेठ झाली. १९८० च्या दशकात नायजेरियाने सातूच्या आयातीवर बंदी घातल्यानंतर तेथील गिनीज स्टाउट ज्वारी व मक्यापासून तयार होऊ लागली. यवतमाळसह विदर्भात भाकरीचे धान्य म्हणून परिचित असलेल्या ज्वारीचा हा उपयोग लक्षणीय आहे.

गडद बिअरचे प्रकार

रंगावरून बिअरच्या कडकपणाचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. रंग भाजलेल्या माल्टमुळे येतो. अल्कोहोलचे प्रमाण मात्र किण्वनासाठी उपलब्ध असलेल्या साखरेवर अवलंबून असते. गिनीज ड्राफ्ट दिसायला काळी असूनही तिच्यात सुमारे ४.२ टक्के अल्कोहोल असते. फॉरिन एक्स्ट्रा स्टाउटमध्ये ते ७.५ टक्के असते. याहून कडक 'इंपीरियल स्टाउट' हा प्रकार आहे. लंडनच्या साउथवर्क भागातील थ्रेल कुटुंबाच्या ब्रुअरीतून अठराव्या शतकात रशियाच्या राजदरबारासाठी तो पाठवला जाई. चवीच्या दृष्टीने या सर्व प्रकारांत कॉफी, कोको किंवा करपलेल्या भाकरीची आठवण करून देणारा कडवटपणा समान असतो. इंपीरियल स्टाउटमध्ये त्याला काकवीसारख्या गोडव्याची जोड मिळते.

भारताशी संबंध

ब्रिटिश काळात भारतात पाठवल्या जाणाऱ्या बिअरच्या संदर्भात 'इंडिया पेल एल' या फिकट प्रकाराचे नाव अधिक प्रसिद्ध आहे. ती प्रामुख्याने अधिकारी व व्यापारी वर्गात खपत असे. सामान्य गोऱ्या सैनिकांसाठी मोठ्या प्रमाणावर पोर्टरच येत असे. स्वातंत्र्योत्तर भारतात फिकट लागर प्रकाराचे वर्चस्व राहिले. एकविसाव्या शतकात लहान प्रमाणावर उत्पादन करणाऱ्या मायक्रोब्रुअरींमुळे गडद बिअर पुन्हा उपलब्ध होऊ लागली. महाराष्ट्रात या चळवळीची सुरुवात २००९ मध्ये पुण्यातील 'डूलॅली'पासून झाली. राज्यात बिअर पिण्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे. यवतमाळला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी लागू आहे.

भाडेपट्ट्याची सद्यःस्थिती

९,००० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर कंपनी आजही वार्षिक ४५ पौंड भरते, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात कंपनीने पुढे ही जमीन विकत घेतल्याने तो करार केव्हाच कालबाह्य झाला. त्याची प्रत सेंट जेम्स गेट येथील संग्रहालयात जमिनीत काचेखाली जतन केली असून पर्यटकांना ती पाहता येते.