आचार्य प्रल्हाद केशव अत्रे

विद्यार्थी मित्रहो, आपला बुलढाणा जिल्हा महाराष्ट्र राज्यात आहे, ही गोष्ट आपणांस सूर्योदयाइतकी स्वाभाविक वाटते. परंतु आपल्या पणजोबांच्या काळी तसे नव्हते. हा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात, आणि पुढे मध्यप्रदेश राज्यात मोडत असे. जिजामातेचे जन्मस्थान जे सिंदखेडराजा ते एका राज्यात, तर शिवरायांचे जन्मस्थान शिवनेरी दुसऱ्याच राज्यात, अशी स्थिती होती. सर्व मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे म्हणून ज्यांनी आपली वाणी व लेखणी झिजविली, त्यांत आचार्य अत्रे यांचे नाव अग्रभागी आहे. एक शाळामास्तर पत्रकार कसा झाला व पत्रकाराचा लोकनेता कसा बनला, हे त्यांच्या चरित्रावरून समजून येते.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म दि. १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुणे जिल्ह्यात सासवडजवळील कोढीत या गावी झाला. पदवी संपादन केल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. पुण्याच्या लष्कर भागातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलाचे ते मुख्याध्यापक होते. गरीब वस्तीतील मुलांची ती शाळा त्यांनी नावारूपास आणली. पुढे इंग्लंडला जाऊन त्यांनी लंडन विद्यापीठाची अध्यापनाची पदविका मिळविली. मुलांची क्रमिक पुस्तके रूक्ष असू नयेत असे त्यांस वाटे. म्हणून त्यांनी 'नवयुग वाचनमाला' तयार केली आणि तिने मराठी शाळांतील वाचनाचा जणू कायापालट केला. त्याच काळात 'केशवकुमार' या नावाने त्यांनी विडंबनकाव्ये लिहिली. 'साष्टांग नमस्कार' आदी त्यांच्या नाटकांनी तर सारा महाराष्ट्र पोट धरून हसला.

पण केवळ हसविण्यात त्यांचे समाधान नव्हते. पुणे नगरपालिकेत निवडून गेल्यावर तेथील मंडईस महात्मा फुले यांचे नाव देण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला. १९४० साली त्यांनी 'नवयुग' साप्ताहिक सुरू केले. सोपी, ठसकेबाज व घरगुती मराठी हे त्या पत्राचे बळ होते. शेतकरी, गिरणीकामगार व शाळकरी पोर या सर्वांस ते सारखेच समजे. १९४२ साली नाशिक येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. चित्रपटाच्या क्षेत्रातही त्यांनी पाऊल टाकले. साने गुरुजींच्या कथेवरून त्यांनी काढलेल्या 'श्यामची आई' या चित्रपटास १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. कीर्ती व सुख यांची अशी जोड मिळाल्यावर दुसरा एखादा गृहस्थ स्वस्थ बसला असता.

परंतु काळाची हाक निराळीच होती. दि. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांनी आकाशवाणीवरून मुंबई शहर केंद्र सरकारच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. त्या एका भाषणाने मराठी माणसाच्या अंतःकरणास घाव बसला. मुंबईत निदर्शने झाली, गोळीबार झाले. या संपूर्ण लढ्यात शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी या प्रश्नावर मंत्रिपदाचा त्याग केला. आकाशवाणी सरकारच्या हाती होती. मग जनतेचा आवाज कोठून उमटणार? तो सभांतून व वृत्तपत्रांतूनच उमटावयाचा होता. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, आणि एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट यांच्या बरोबरीने अत्रे मैदानात उतरले. त्याच वर्षी दि. १५ नोव्हेंबर रोजी त्यांनी 'मराठा' हे दैनिक काढले. दिवसा अग्रलेख व सायंकाळी सभा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. त्यांच्या सभांस लक्षावधी लोक लोटत.

१९५७ च्या निवडणुकीत अत्रे मुंबई राज्याच्या विधानसभेवर निवडून आले. मुंबईत व पश्चिम महाराष्ट्रात समितीस मोठे यश लाभले. येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपला विदर्भही त्या द्विभाषिक राज्यात सामील झाला होता. तथापि येथील मतदारांनी बहुतांशी काँग्रेसच्याच पारड्यात मते टाकली आणि सत्तारूढ पक्ष तरला. विदर्भाचे स्वतंत्र राज्य व्हावे असे मानणारे थोर पुरुषही येथे होते. अखेर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले व बुलढाणा जिल्हा त्याचा घटक झाला.

थोरांचे चरित्र लिहिताना त्यांचे दोष झाकणे योग्य नव्हे. पत्रकार जेव्हा स्वतःच लढ्यातील सैनिक होतो, तेव्हा न्यायाधीशाची समतोल दृष्टी राखणे त्यास कठीण जाते. अत्र्यांची लेखणी प्रतिपक्षावर तुटून पडताना पुष्कळदा मर्यादा ओलांडी. कित्येक सज्जनांची मने तिने विनाकारण दुखावली. मात्र त्यांच्या ठायी दीर्घद्वेष नव्हता. ज्या नेहरूंवर त्यांनी वर्षानुवर्षे टीकेचे आसूड ओढले, ते १९६४ साली निवर्तले तेव्हा याच लेखणीने 'मराठा'तून त्यांच्यावर शोकपूर्ण लेखमाला लिहिली. 'सूर्यास्त' या नावाने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अंत्यविधीच्या वेळीही, शोकाकुल जनसागरापुढे श्रद्धांजली वाहण्यास अत्रेच उभे राहिले होते.

दि. १३ जून १९६९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

बालमित्रांनो, अत्र्यांपाशी सैन्य नव्हते, सरकारी अधिकार नव्हता. आपल्या सर्वांच्या घरी बोलली जाते ती मराठी भाषा, एवढेच त्यांचे भांडवल. त्या भांडवलावर त्यांनी लोकांस हसविले, शिकविले, जागे केले आणि प्रसंगी घायाळही केले. शब्द हे असे दुधारी शस्त्र आहे. ते त्यांच्यासारखे निर्भयपणे उचलावे. परंतु वार करण्यापूर्वी, तो अन्यायावर पडतो आहे की माणसावर, हे क्षणभर थांबून पाहावे. या चरित्रापासून एवढे जरी आपण शिकलो, तरी ते वाचल्याचे सार्थक होईल.