हवामान खात्यातून प्रयोगशाळेकडे : प्रा. रुचिराम साहनी

पंजाबातील शाळांना विज्ञानाची उपकरणे सुलभ करून देणारे प्रा. रुचिराम साहनी यांच्या कारकिर्दीचा आरंभ हवामान खात्यात झाला. ५ एप्रिल १८६३ रोजी डेरा इस्माईल खान येथे जन्मलेल्या साहनी यांचे शिक्षण, वडिलांचा व्यापार बुडाल्यामुळे, मोठ्या कष्टात झाले. १८८५ मध्ये ते हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली रुजू झाले. ठिकठिकाणच्या केंद्रांतून तारेने येणाऱ्या नोंदींवरून तेथे दैनंदिन हवामान अहवाल तयार होत असे.

१८८७ मध्ये ते लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात अध्यापक झाले. त्या काळी शाळांना लागणारी उपकरणे विलायतेहून येत आणि त्यांची किंमत बहुतेक शाळांच्या आवाक्याबाहेर असे. उपकरणच नसेल, तर विद्यार्थ्याने प्रश्न विचारून उत्तर शोधायचे कसे? साहनी यांनी १८८८ मध्ये रेल्वे कारखान्यातील एका कारागिराला हाताशी धरून कार्यशाळा काढली आणि उपकरणे अल्प दरात शाळांना पुरविली. पंजाब सायन्स इन्स्टिट्यूटतर्फे हवा, पाणी, साबण अशा विषयांवर त्यांनी पंजाबीतून सप्रयोग व्याख्याने दिली. एक-दोन आण्यांचे तिकीट काढून दुकानदारही ती ऐकावयास येत.

पन्नाशी उलटल्यावर मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत ते स्वतः पुन्हा विद्यार्थी झाले. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी हे त्यांचे पुत्र. ३ जून १९४८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तापमापी विद्यार्थ्याच्या हाती आल्याखेरीज हवामानाचा धडा पुरा होत नाही, हेच त्यांचे कार्य सांगते.