नामदार गोखले आणि सनदी नोकऱ्यांचा प्रश्न

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे स्मरण आपण बहुधा महात्माजींचे राजकीय गुरू म्हणून करतो. परंतु केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त घर सोडून बेंगळुरूस आलेल्या आम्हां मंडळींवर त्यांचे आणखी एक ऋण आहे.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. वडील अकाली निवर्तल्यावर थोरल्या बंधूंनी स्वतःचे शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी पत्करली व त्यांतील ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी ते दरमहा पाठवीत. १८८४ साली बी. ए. होऊन गोपाळरावांनी पुढे फर्ग्युसन कॉलेजात दरमहा ७५ रुपयांवर अध्यापन केले.

त्या काळी सनदी नोकरीची परीक्षा केवळ लंडनमध्ये होत असे. ती हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव १८९३ साली कॉमन्स सभेत संमत झाला. पण सरकारने तो अमलात आणला नाही. उलट त्याच वर्षापासून, रुपयाचा भाव घसरला म्हणून, युरोपीय अधिकाऱ्यांना खास भरपाई-भत्ता मिळू लागला. सनदी अधिकाऱ्याचे वार्षिक एक हजार पौंडांचे निवृत्तिवेतनही येथील रयतेच्या करांतूनच विलायतेस जाई.

१८९७ साली लंडनमध्ये वेल्बी कमिशनपुढे गोखल्यांनी या खर्चाचा हिशेब मांडला. न्यायमूर्ती रानडे व सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी यांनी त्यांची तयारी करून घेतली होती. द्रव्यहानीहून नैतिक हानी मोठी, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. परका अधिकारी निवृत्त होताच त्याचा अनुभव त्याच्यासवे देशाबाहेर जातो. आणि वरिष्ठ जबाबदारी कधीच वाट्यास न आलेल्या समाजाचे कर्तृत्व खुंटते, असे त्यांनी दाखवून दिले.

१९१२ साली इस्लिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक नोकऱ्यांविषयी शाही कमिशन नेमले गेले. गोखले त्याचे सभासद झाले. मधुमेहाने देह पोखरला होता, तरी साक्षी तपासणे व इंग्लंडचा प्रवास त्यांनी टाळला नाही. १९१४ साली देऊ केलेला ‘सर’ किताब मात्र त्यांनी नम्रपणे नाकारला. अहवाल पुरा होण्यापूर्वीच, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अहवाल १९१७ साली प्रसिद्ध झाला, आणि १९२२ साली सनदी परीक्षा प्रथमच हिंदुस्थानात, अलाहाबादेस, घेतली गेली.

कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी त्यांचे कन्नडमध्ये चरित्र लिहिले व १९४५ साली याच नगरीत गोखले सार्वजनिक विचार संस्था स्थापिली. बुल टेंपल रोडवरील त्या वास्तूवरून जाताना मुलाबाळांना एवढे अवश्य सांगावे, की आज स्वदेशात परीक्षा देऊन मिळणारी अधिकारपदे कोणी सहजासहजी दिलेली नाहीत.