उपासनेतला संकोच घालविणारे रेव्हरंड टिळक

‘फुलामुलांचे कवी’ म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक मराठी वाचकाला शालेय पुस्तकांतून परिचित असतात. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे त्यांचा लहरी, संतापी आणि तितकाच उदार स्वभावही घरोघरी पोहोचला आहे. मात्र त्यांनी केलेल्या एका मोठ्या कार्याचा उल्लेख साहित्याच्या इतिहासात ओझरताच आढळतो. मराठी ख्रिस्ती माणसाला देवापुढे मोकळ्या गळ्याने, स्वतःचे भान विसरून गाता यावे, यासाठी त्यांनी उभे आयुष्य वेचले.

हा प्रश्न किती खरा होता, हे आज चटकन ध्यानात येत नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे काम सुरू केले. उपासनेत जी गीते गायिली जात, त्यांतील बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि चालीही तिकडच्याच. इंग्रजी चाल आघातावर चालते, तर मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घावर आणि मात्रांवर. त्यामुळे शब्द ओढावे लागत, नको तेथे तोडावे लागत. नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून आलेला, अक्षरओळख नसलेला माणूस घरी जात्यावरची ओवी सहज गाई, एकतारीवर भजन म्हणे. चर्चमध्ये मात्र हातात पुस्तक धरून तो अवघडून उभा राही. टाळ-मृदंग म्हणजे मागे टाकलेला धर्म, अशी भीती काहींच्या मनात होती. मिशनरी साहेब काय म्हणतील, हा धाकही असेलच. टिळकांच्या आधी कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग केला होता. तो लोकांना आवडलाही. तरी रविवारच्या उपासनेचा सूर परकाच राहिला.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन ब्राह्मण कुटुंबातला. वडील सरकारी नोकरीत आणि अतिशय तापट. काव्याची आवड आली ती आई जानकीबाईंकडून. आई गेल्यावर नारायण घर सोडून नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. १८८० मध्ये विवाह झाला. पुढची वर्षे शिक्षकी, कीर्तने, पुराणे, कवित्व आणि अखंड भटकंती यांत गेली. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाच्या संपादनाचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे मासिकही चालविले.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला. गप्पा काव्यावर सुरू झाल्या आणि उतरताना त्याने टिळकांच्या हाती बायबल दिले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. पुढे मुंबईचे डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी पत्रव्यवहार झाला. हेच अ‍ॅबट उत्तरायुष्यात मराठी संतांचे इंग्रजी अनुवादक म्हणून नावाजले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो भारतीय पाळकाच्याच हातून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. त्या पाळकांचे नाव तुकारामजी नथोजी, हा योगायोगही टिळकांना शोभणाराच म्हणावा लागेल! लक्ष्मीबाईंना मात्र त्यांनी विश्वासात घेतले नव्हते. त्या माऊलीने पुढची काही वर्षे जे सोसले, त्याचा बोल टिळकांना लावल्यावाचून राहवत नाही. १९०० मध्ये, स्वतःच्या मनाने सोवळेओवळे टाकून मगच लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या.

नगरला आल्यावर टिळकांनी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकविले आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. पण त्यांचे खरे काम गीतांचे. आपण ख्रिस्तापर्यंत तुकोबांच्या पुलावरून पोहोचलो, असे ते सांगत, आणि त्या पुलाची त्यांना कधी लाज वाटली नाही. त्यांनी अभंग घेतला, ओवी घेतली, पदे आणि भजने रचली. या निवडीमागे नुसता देशाभिमान नव्हता. अभंगाचे चरण लहान असतात, यमक ओळखीच्या जागी येते. पुढच्याने म्हणावे, मागच्यांनी ध्रुवपद उचलावे. दोन आवर्तनांत ते पाठ होते; पुस्तक लागत नाही, वाचता येण्याची अट उरत नाही. टाळ हाती आला की अंग आपोआप डोलते आणि शेजारचा आपल्याकडे पाहतो आहे का, हा विचार मागे पडतो. मांडी घालून, दाटीवाटीने बसून गाणाऱ्याला संकोच करायला सवडच कोठे असते?

शब्दांतही त्यांनी धीटपणा दाखविला. ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हटले, आई म्हटले. वारकरी ज्या लडिवाळपणे विठ्ठलाशी बोलतो, रुसतो, हट्ट धरतो, तीच सलगी त्यांच्या भजनांत ख्रिस्ताशी आहे. पापाच्या भयापेक्षा भेटीचा आनंद तेथे अधिक. ही सलगी साऱ्यांनाच रुचली असेल असे नाही. शिस्तीची सवय झालेल्या उपासकाला ती थोडी अघळपघळ वाटणे स्वाभाविक होते. टिळकांनी पर्वा केली नाही. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादकपद हाती आले आणि गीतांना हक्काची जागा मिळाली.

याच काळात त्यांच्या घरी कवींचा राबता असे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांचा पुढाकार होता; तेथे ‘बालकवी’ ठरलेले त्र्यंबक ठोंबरे पुढे नगरला टिळकांच्याच घरी राहिले.

१९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून सारखेच स्थान होते. पगारी प्रचारकाच्या भक्तीकडे लोक संशयाने पाहतात, हे त्यांना बोचत असावे. कल्पना धाडसी होती, पण तिला दोनच वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्या पश्चात दरबार टिकला नाही.

गीते टिकली. मराठी चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात त्यांचा वाटा मोठा आहे. ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य मात्र सुमारे १० अध्यायांवर थांबले होते. त्यापुढचे ६४ अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. १९३६ मध्ये त्याही गेल्या, तेव्हा शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी पुरा केला.