एमिल फिशर: साखरेचं कोडं सोडवणारा रसायनशास्त्रज्ञ

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन्ही साखरांमध्ये सहा कार्बन, बारा हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन अणू असतात. तरीही फ्रुक्टोज जास्त गोड लागतं. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत. ही मांडणी उलगडली जर्मन शास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी.

फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी कोलोनजवळच्या ऑइसकिर्शेन गावी झाला. वडील व्यापारी होते. त्यांनी मुलाला लाकडाच्या धंद्यात घातलं, पण त्याचं मन तिथं रमेना. अखेर त्याला शिकायला पाठवलं. स्ट्रासबुर्गला बेयर यांच्या हाताखाली १८७४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

१८७५ मध्ये त्यांना फेनिलहायड्रॅझिन हे संयुग सापडलं. साखरांचे पाक होतात, स्फटिक सहज होत नाहीत. त्यामुळे त्या ओळखणं अवघड असे. फेनिलहायड्रॅझिनमुळे मात्र साखरांपासून ओसाझोन नावाचे पिवळे स्फटिक मिळू लागले. गंमत म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज या तिन्ही साखरांचा ओसाझोन एकच निघाला. याचा अर्थ, त्यांच्यातला फरक फक्त पहिल्या दोन कार्बनपाशी आहे. याच धाग्यावरून पुढे जात १८९१ मध्ये फिशर यांनी सोळा शक्यतांमधून ग्लुकोजची रचना शोधली.

१८९५ मध्ये लोब्री द ब्रुइन आणि अल्बर्डा व्हान एकेन्स्टाइन या डच शास्त्रज्ञांनी दाखवलं, की अल्कली घातली की या तीन साखरा एकमेकींत बदलतात. हे कसं घडतं? अल्कली ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून घेते. मग पहिल्या दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असलेला एनडायॉल तयार होतो. हायड्रोजन पहिल्या कार्बनवर आला तर फ्रुक्टोज बनतं. दुसऱ्यावर परतला तर ग्लुकोज किंवा मॅनोज. ओसाझोननं दाखवलेली जागा हीच!

१९०२ मध्ये फिशर यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण या यशाची किंमत मोठी होती. फेनिलहायड्रॅझिन विषारी असतं आणि वर्षानुवर्षं ते हाताळल्यानं त्यांची तब्येत ढासळली. लग्नानंतर सातच वर्षांनी, १८९५ मध्ये पत्नी ॲग्नेस वारल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात तीनपैकी दोन मुलगे गेले. १५ जुलै १९१९ रोजी बर्लिनमध्ये फिशर यांचं निधन झालं. उरलेला मुलगा हर्मान यानं पुढे साखरांच्या रसायनशास्त्रातच नाव कमावलं.

आज कारखान्यात ग्लुकोजचं फ्रुक्टोज करायला अल्कलीऐवजी विकर वापरतात, कारण अल्कलीत नको असलेले पदार्थही तयार होतात. आपल्या पेशींतही ऊर्जा मिळवताना, फॉस्फेट जोडलेल्या ग्लुकोजवर, असाच बदल विकरच घडवतं. तिथेही वाट एनडायॉलचीच.