सावित्रीबाई आणि लिहून ठेवलेले काम

सावित्रीबाई फुले यांचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. लग्नानंतर जोतीरावांनी त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविले. शिक्षिकेचे शिक्षण त्यांनी पुण्यास मिचेलबाईंकडे आणि आपल्या नगरास मिस फरार यांच्याकडे घेतले, म्हणून त्या आपल्याला माहेरच्या वाटतात. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा निघाली व त्या शिकवू लागल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांची दुसरी एक बाजूही आपण भगिनींनी पाहण्यासारखी आहे.

24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. जोतीराव अध्यक्ष व खजिनदार झाले आणि नारायणराव कडलक चिटणीस. म्हणजे काम सुरू होतानाच लिहिणारा माणूस नेमला गेला. समाजाने पुढे आपल्या कामाचे अहवाल छापले. 1877 सालचा रिपोर्ट आजही वाचावयास मिळतो.

समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह 25 डिसेंबर 1873 रोजी झाला. वधू राधा ही सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची, बजूबाई निंबणकर यांची मुलगी. वर सीताराम आल्हाट. खर्च सावित्रीबाईंनी केला. बजूबाई तुमच्याआमच्यासारख्याच एक संसारी बाई. तरी दीडशे वर्षांनंतर त्यांचे नाव आपल्यापर्यंत आले, ते कोणीतरी लिहून ठेवले म्हणूनच.

1877 च्या दुष्काळात सावित्रीबाई जुन्नर भागात काम करीत होत्या. तेथून 20 एप्रिलला त्यांनी जोतीरावांना पत्र धाडले. लोकांचे हाल, सावकारांचा जाच, कार्यकर्त्यांची अटक व सुटका, मिळालेली ज्वारी, सर्व त्यात आहे. घरचे पत्र असूनही ते कामाचा चोख वृत्तांत आहे.

जोतीराव 1890 साली वारले. त्यानंतर बाईंनी समाजाचे काम पुढे चालविले. 1893 साली सासवडच्या परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांनाही प्लेग झाला व 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, आपल्या सभेचे प्रोसिडिंग लिहिणे हे कंटाळवाणे काम वाटते. परंतु कोण हजर होते, काय ठरले, ते कोणी करावयाचे, वर्गणी किती जमली, एवढे त्याच दिवशी लिहावे. पुढील सभेत ते वाचून दाखवावे, चूक असल्यास सर्वांसमक्ष दुरुस्त करावी आणि मग अध्यक्षांनी सही करावी. म्हणजे पैशावरून वाद होत नाही. आणि हळदीकुंकवाला सतरंजी अंथरणाऱ्या बाईचे नावही वहीत राहते. बायकांचे काम घरातही कोणी मोजीत नाही. निदान आपल्या मंडळात तरी ते आपणच मोजावे.