थॉमस ब्लँचर्ड

थॉमस ब्लँचर्ड (२४ जून १७८८ – १६ एप्रिल १८६४) हे अमेरिकन यंत्रसंशोधक होते. बंदुकीच्या लाकडी दस्त्यासारख्या अनियमित आकाराच्या वस्तू कातणारे लेथ त्यांनी १८१९ मध्ये तयार केले. तोपर्यंत केवळ कुशल कारागिराच्या हातून घडणारा आकार या यंत्रामुळे नमुन्यावरून हुबेहूब उतरवता येऊ लागला. ब्लँचर्ड यांच्या नावावर सुमारे २५ एकस्वे (पेटंट) होती. एकसारख्या सुट्या भागांपासून वस्तू तयार करण्याच्या अमेरिकन उत्पादनपद्धतीच्या जडणघडणीत त्यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते.

जन्म आणि सुरुवातीचे जीवन

ब्लँचर्ड यांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील सटन या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी ते बोलताना अडखळत असत. शालेय शिक्षण त्यांना फारसे मिळाले नाही. मात्र लाकडाच्या व धातूच्या वस्तू करून पाहण्याचा त्यांना नाद होता. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी सफरचंदाची साल काढणारे यंत्र बनवले, असे सांगितले जाते.

अठराव्या वर्षाच्या सुमारास ते थोरले बंधू स्टीफन यांच्या चुका तयार करण्याच्या कारखान्यात काम करू लागले. तेथे प्रत्येक चुकेचे डोके हाताने ठोकून काढावे लागे. या कंटाळवाण्या कामातून सुटका करणारे यंत्र बनवण्यात त्यांनी सुमारे सहा वर्षे घालवली. पूर्ण झालेले यंत्र मिनिटाला ५०० चुका पाडत असे. त्याचे हक्क त्यांनी ५,००० डॉलरना विकले आणि त्या पैशांतून स्वतःची कार्यशाळा उभी केली.

हाताने घडवलेला दस्ता

मध्ययुगातील क्रॉसबोचा दांडा असो वा पुढच्या काळातील बंदुकीचा दस्ता, तो घडवणे हे शतकानुशतके हातकारागिरीचेच काम होते. लांब दांडीच्या मस्केट बंदुकीसाठी प्रामुख्याने अक्रोडाचे वाळवलेले लाकूड वापरत. कारागीर प्रथम ओबडधोबड आकार कापून घेई. नंतर रंधा, पटाशी व कानस यांच्या साहाय्याने खांद्याला टेकणारा रुंद भाग, मुठीत मावणारी निमुळती मान आणि नळीखालचा लांब भाग तो साधत असे. दस्त्याच्या आकारात सरळ रेषा अथवा पूर्ण वर्तुळ क्वचितच आढळते. त्यामुळे मोजपट्टीपेक्षा डोळा आणि तळहात यांवर अधिक भिस्त ठेवावी लागे.

नळी आणि चाप-यंत्रणा बसवण्यासाठी खाचा कोरणे हे त्याहून नाजूक काम होते. खाच सैल झाली तर बारुदाच्या धक्क्याने धातूचे भाग हलत आणि लाकूड तडकण्याचा धोका असे. निष्णात कारागीरही दिवसाला जेमतेम एक-दोन दस्ते पूर्ण करू शके. शिवाय प्रत्येक दस्ता ठरावीक बंदुकीसाठीच कोरलेला असल्याने तो दुसऱ्या बंदुकीला नीट बसेलच, याची खात्री नसे.

अनियमित आकार कातणारे लेथ

१८१८ च्या सुमारास मिलबरी येथील शस्त्रनिर्माते एसा वॉटर्स बंदुकीच्या नळ्या लेथवर कातत होते. नळीचा गोल भाग लेथवर सहज कातला जाई. परंतु मागील टोकाकडील सपाट व लंबगोल भाग हातानेच घडवावा लागे. वॉटर्स यांनी ही अडचण ब्लँचर्ड यांच्यापुढे मांडली. ब्लँचर्ड यांनी लेथला कॅमची जोड देऊन ती सोडवली. ही वार्ता स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागाराचे अधीक्षक रॉसवेल ली यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांनी ब्लँचर्ड यांना बोलावून घेतले.

शस्त्रागारात नव्या यंत्राभोवती जमलेल्या कामगारांत आता कोणाचे काम जाणार, याची चर्चा सुरू झाल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्यांतील दस्ते कोरणारा एक कारागीर मात्र निश्चिंत होता. दस्ता लेथवर कातता येणार नाही, म्हणून आपल्या कामाला धोका नाही, असे त्याचे म्हणणे होते. ते ब्लँचर्ड यांच्या कानी पडले. घरी परतताना ब्रिमफील्डजवळ त्यांना या प्रश्नाची उकल सुचली, असे सांगतात.

ही उकल तत्त्वतः साधी होती. दस्त्याचा तयार नमुना आणि कच्चे लाकूड एकाच झुलत्या चौकटीत बसवून दोन्ही एकाच गतीने सावकाश फिरवले जात. एक गुळगुळीत चाक नमुन्यावर टेकलेले असे आणि त्याच व्यासाचे, पाती बसवलेले दुसरे चाक लाकडावर वेगाने फिरे. नमुन्यातील उंचसखल भागांनुसार चौकट पुढेमागे झुलत असल्याने कापणारे चाक लाकडात नेमके तेवढेच खोल जाई. दोन्ही चाके एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत आणि नमुन्याची प्रतिकृती तयार होई. कारागिराच्या डोळ्याने जोखलेला आकार आता नमुन्यात साठवला गेला होता. नमुना सदोष असल्यास तो दोषही प्रत्येक प्रतीत उतरत असे.

स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातील कार्य

या यंत्रासाठी ब्लँचर्ड यांना १८१९ मध्ये एकस्व मिळाले; सुधारित स्वरूपातील एकस्व जानेवारी १८२० मध्ये दिले गेले. पुढे काही वर्षे त्यांनी शस्त्रागारातच कंत्राटदार म्हणून काम केले. कार्यशाळा व साहित्य सरकारचे असे आणि प्रत्येक दस्त्यामागे त्यांना ३७ सेंट मिळत.

एकट्या लेथने दस्ता पूर्ण होत नव्हता. म्हणून लाकूड कापणे, नळीची खाच पाडणे, चाप-यंत्रणेची जागा कोरणे अशा प्रत्येक टप्प्यासाठी त्यांनी स्वतंत्र यंत्रे रचली. १८२७ पर्यंत अशी १४ यंत्रे क्रमवार काम करत होती. हाताने दस्ते कोरणाऱ्यांची गरज त्यामुळे झपाट्याने घटली. अखेरचे घासकाम हातानेच होत राहिले, पण आकार घडवण्याचे कसब मागे पडले आणि यंत्र चालवणाऱ्याला अनेक वर्षांच्या उमेदवारीची आवश्यकता उरली नाही.

ब्रिटिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८५० च्या दशकात स्प्रिंगफील्डची पाहणी केली, तेव्हा सुधारित यंत्रमालिकेवर एका दस्त्यासाठी सुमारे २२ मिनिटांचे श्रम लागत होते. त्यानंतर ब्रिटिश सरकारने चिकोपी येथील एम्स कंपनीकडून अशी यंत्रे विकत घेऊन एन्फील्डच्या शस्त्र कारखान्यात बसवली.

एकस्वासाठी लढा

लेथचे तत्त्व बुटांची कलबुते, कुऱ्हाडीचे दांडे आणि चाकांचे आरे यांनाही लागू पडत असल्याने त्याची सर्रास नक्कल झाली. ब्लँचर्ड यांना अनेक खटले लढवावे लागले. १८३९ मधील ब्लँचर्ड विरुद्ध स्प्रेग या खटल्यात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी त्यांचे एकस्व ग्राह्य धरले. ते अमूर्त तत्त्वासाठी नसून यंत्रासाठी आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. काँग्रेसने एकस्वाची मुदत १८३४ आणि १८४८ मध्ये वाढवून दिली. मुदतवाढीसाठी त्यांनी आपल्या यंत्रावर नामवंत राजकारण्यांचे अर्धपुतळे कोरून दाखवल्याचे सांगितले जाते.

इतर संशोधन

१८२५ मध्ये त्यांनी वाफेवर चालणाऱ्या रस्त्यावरील गाडीचे एकस्व घेतले. कनेक्टिकट नदीच्या खळाळत्या, उथळ पात्रातून वर जाऊ शकणाऱ्या वाफेच्या बोटीही त्यांनी बांधल्या. १८४९ मध्ये त्यांनी लाकूड वाकवण्याच्या यंत्राचे एकस्व मिळवले. वाफवलेले लाकूड वाकवताना त्याच्या टोकांवर दाब ठेवल्याने बाहेरच्या बाजूचे तंतू फाटत नसत. नांगराची रुमणी तयार करण्यासाठी हे यंत्र उपयुक्त ठरले आणि त्यापासून ब्लँचर्ड यांना मोठे उत्पन्न मिळाले.

निधन आणि वारसा

१६ एप्रिल १८६४ रोजी बोस्टन येथे ब्लँचर्ड यांचे निधन झाले. केंब्रिज येथील माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांची समाधी आहे. त्यांचे एक आरंभीचे लेथ स्प्रिंगफील्ड येथील शस्त्रागाराच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. नमुन्यावरून आकार उतरवणारी आजची यंत्रे त्याच तत्त्वाचा विस्तार आहेत. दुसरीकडे, एखाद्या नेमबाजाच्या खांद्याच्या व हाताच्या मापाचा खास दस्ता किंवा क्रॉसबोचा दांडा हवा असल्यास पटाशी व कानस घेऊन बसणारे कारागीर आजही आहेत. कारण अशा एकाच नगासाठी नमुना आधी हातानेच घडवावा लागतो.